राज्यशास्त्रातच पुढे जायचे आहे; मराठवाड्यातून वाट कशी काढावी?

पूर्णाकाठ :

नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या वरिष्ठ महाविद्यालयात कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा मुख्य विषय राज्यशास्त्र आहे. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून मी हा विषय घेतलेला नाही, हे आधीच सांगते, कारण आमच्या भागात मुलीने कला शाखा घेतली म्हटले की ऐकणारा तेच गृहीत धरतो. दहावीला बरे गुण मिळालेली बहुतेक मुले विज्ञान घेऊन लातूरला किंवा नांदेडला गेली. मला मात्र शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला जे प्रश्न पडत होते त्यांची उत्तरे हवी होती : निधी वरून गावापर्यंत येतो कसा, तो अडतो कुठे, आणि अडवण्याचा अधिकार नेमका कोणाला असतो.

महाविद्यालयाचा अनुभव संमिश्र आहे. हजेरीपटावर नावे भरपूर असली तरी प्रत्यक्ष वर्गात दहा-बारा जण असतात. बाकीचे अभ्यासिकेत किंवा पोलीस भरतीच्या सरावासाठी मैदानावर असतात आणि सत्र परीक्षेच्या आधी गाईड आणून ठरलेले प्रश्न पाठ करतात. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण घरी सोयाबीनचे पैसे कसे आणि किती येतात हे त्यांच्याइतकेच मलाही ठाऊक आहे. पण प्लेटो, कौटिल्य आणि मूलभूत हक्क हे तिन्ही एकाच पद्धतीने, पाच-पाच मुद्द्यांत शिकवले गेले की विषयातला जीव निघून जातो, असे मला वाटते.

दुसऱ्या वर्षी एका सरांनी संविधानाची मराठी प्रत वर्गात आणून प्रत्येकाकडून एकेक अनुच्छेद मोठ्याने वाचून घेतला. माझ्या वाट्याला ३७१ आला. त्याच्या दुसऱ्या खंडात मराठवाड्याचे नाव स्वतंत्रपणे आलेले पाहून मी थांबलेच. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे, विकास खर्चासाठी निधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाच्या आणि शासकीय नोकऱ्यांच्या पुरेशा संधी, आणि या सगळ्याची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे, असे तिथे लिहिलेले आहे. आमच्या अभ्यासक्रमाच्या टिपणांत या अनुच्छेदाला एक ओळसुद्धा नव्हती.

फील्ड प्रोजेक्टसाठी मी आमच्याच गावची ग्रामसभा निवडली. सभा सकाळची होती. गणपूर्ती, म्हणजे किमान उपस्थिती, झाली नाही म्हणून ती तहकूब केल्याचे रजिस्टरमध्ये लिहिले गेले आणि थोड्या वेळाने तिथेच पुन्हा सुरू झाली. सह्यांच्या पानावर पुरुषांच्या सह्या निळ्या शाईत होत्या. त्यांच्याखाली बायकांचे अंगठे एकाखाली एक इतके दाटीने उमटवले होते की कोणता अंगठा कोणत्या नावासमोरचा आहे हे कळत नव्हते. सरपंच ताई बराच वेळ गप्प होत्या आणि घरकुलाच्या यादीवर त्यांचे यजमानच बोलत होते. पण पाण्याच्या टाकीचा विषय निघाला तेव्हा ताई उठल्या आणि कोणत्या गल्लीला किती दिवसांआड पाणी सुटते, व्हॉल्व्ह कुठे बसवला आहे, कोणाच्या दारात मोटार लावली जाते, हे सगळे कागद न पाहता सांगितले. इतिवृत्तात मात्र 'पाणीपुरवठ्यावर चर्चा झाली' एवढेच वाक्य उतरले. त्या दिवसापासून मला याच गोष्टींवर काम करायचे आहे. एम. ए., मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, मग पीएच. डी., आणि शेवटी आमच्याच भागातल्या महाविद्यालयात शिकवणे, अशी माझी इच्छा आहे.

घरच्यांचे म्हणणे आहे की पदवी झाल्याबरोबर सरळसेवा आणि एमपीएससीचे अर्ज भरावेत, कारण प्राध्यापकीत आता काही उरलेले नाही. या विषयात राहून उपजीविका होऊ शकते का, आणि होत असेल तर कोणत्या वाटेने, हे जाणकारांनी स्पष्टपणे सांगावे अशी विनंती आहे.

आंबाजोगाईकर :

स्पष्ट सांगायचे तर आधी पद मिळवा आणि मग संशोधन करा. माझ्या ओळखीत नेट झालेले आणि पीएच. डी. झालेले अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवत आहेत आणि सुट्टीच्या महिन्यांत त्यांच्या हातात काहीही येत नाही. तुमच्या वडिलांची काळजी रास्त आहे.

जुना_फळा :

मी मराठवाड्यातील महाविद्यालयांत राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. आंबाजोगाईकर यांनी सांगितलेली वस्तुस्थिती खरी आहे आणि ती कोणत्याही विद्यार्थ्यापासून लपवू नये. अनुदानित महाविद्यालयांतील पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, त्या जागांवरचे काम तासिका तत्त्वावरील शिक्षक करतात, आणि त्यांना मिळते ते प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचे मानधन. ही परिस्थिती बदलावी यासाठी आम्ही बोलत आलो आहोत. ती उद्याच बदलेल असे मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. प्राध्यापकी हे एकमेव ध्येय ठेवून बसू नका, एवढाच निष्कर्ष मी त्यातून काढते. विषय सोडा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

पात्रतेबद्दल बराच गोंधळ असतो, म्हणून तेवढे नीट सांगते. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. मधल्या काळात पीएच. डी. सक्तीची होणार असे सांगितले जात होते, परंतु २०२३ च्या दुरुस्तीने नेट किंवा सेट हीच किमान अट राहिली. नेटमध्ये पहिला पेपर अध्यापन व संशोधन अभियोग्यतेचा, ५० प्रश्न आणि १०० गुणांचा. दुसरा विषयाचा, १०० प्रश्न आणि २०० गुणांचा. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये मिळतात. माझ्या मते तुमच्यासारख्या मुलीने सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेवर समाधान न मानता जेआरएफचेच लक्ष्य ठेवावे, कारण त्या रकमेमुळे घरी संशोधन ही नोकरीसारखीच गोष्ट म्हणून मांडता येते. मी असे घरी जाऊन पालकांशी बोललेले आहे आणि महिन्याचा आकडा सांगितल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, हे पाहिले आहे.

आता विषयाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातला ३७१ चा उल्लेख वाचून मला फार बरे वाटले. मराठवाड्यातल्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला जेवढी सामग्री हाताशी आहे तेवढी राज्यातल्या फार थोड्या विद्यार्थ्यांना असेल. हा प्रदेश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारतात नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले, आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्याकडचे आमदार निवडून गेले ते हैदराबादच्या विधानसभेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मराठी-गुजराती अशा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे बारा वर्षांच्या आत एकाच गावातल्या माणसाने न हलता संस्थान, हैदराबाद राज्य, द्वैभाषिक आणि महाराष्ट्र अशा चार व्यवस्था पाहिल्या. राज्यसंस्था बदलते तेव्हा तलाठ्याच्या दप्तरात, शाळेच्या भाषेत आणि जमिनीच्या कायद्यात काय बदलते, हे शिकायला यापेक्षा चांगली जागा कुठली असेल? कुळांचे कितीतरी वाद अजूनही हैदराबादच्या १९५० च्या कुळकायद्याने चालतात.

त्याला जोडूनच अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाच्या थकलेल्या वाट्याचा, प्रश्न येतो. १९५३ च्या नागपूर कराराने दिलेली आश्वासने, १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन, वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली नेमलेली सत्यशोधन समिती, १९९४ मध्ये स्थापन झालेली विकास मंडळे, विजय केळकर समितीचा २०१३ चा अहवाल, आणि ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची संपलेली मुदत, ही एक सलग कथा आहे. ती एका माणसाने बसून नीट मांडली पाहिजे. आपल्याकडे अनुशेषावर भाषणे पुष्कळ होतात, पण अनुशेष मोजला कसा, निर्देशांक कोणते घेतले, तालुका हा घटक धरला की जिल्हा, त्याने उत्तर किती बदलले, हे सांगणारे विद्यार्थी मला माझ्या नोकरीच्या काळात फार कमी भेटले.

आणि विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी जे आंदोलन सुरू केले ते उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले आणि काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी नागपूरला जाऊन शिक्षण पूर्ण केले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याच्या १९७८ च्या नामांतराच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतचा काळ इथल्या विद्यार्थ्यांनी स्वतः भोगला आहे. आज महाविद्यालयांत खुल्या विद्यार्थी निवडणुका होत नाहीत. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद असूनही. राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना वर्गप्रतिनिधी निवडण्याचाही अनुभव मिळू नये, याची मला खंत आहे.

एम. ए. ला गेल्यावर एका संधीवर लक्ष ठेवा. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरला राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. विभागप्रमुखांकडे आधीच नाव देऊन ठेवावे लागते. लक्षवेधी, तारांकित प्रश्न, औचित्याचा मुद्दा हे शब्द पुस्तकात वाचणे आणि सभागृहाच्या गॅलरीत बसून ऐकणे यांत पुष्कळ अंतर आहे.

कयाधू :

ताई, मी ग्रामपंचायत अधिकारी आहे, पूर्वी ज्याला ग्रामसेवक म्हणत तेच पद. तुमच्या ग्रामसभेच्या वर्णनात एक गोष्ट दुरुस्त करावीशी वाटते, कारण तुम्ही यावर प्रकल्प लिहिणार आहात. तहकूब करून पुन्हा घेतलेली सभा बेकायदेशीर नसते. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते, आणि ती झाली नाही तर तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मात्र तिथे आधीच्या विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात. म्हणून 'सभा तहकूब का केली' यापेक्षा 'तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचा ठराव घेतला का' हा प्रश्न अधिक कामाचा आहे. तो विचारला की रजिस्टरमधून खरी माहिती हाती लागते.

दुसरे असे की नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या सरपंच ताई पाण्यावर जे बोलल्या ते त्या महिला सभेत आधी मांडले गेले असते आणि त्याचे वेगळे इतिवृत्त लिहिले गेले असते, तर ग्रामसभेपुढे ते ठराव म्हणून आले असते. तुमच्या गावात महिला सभेचे इतिवृत्त वेगळे ठेवले जाते का, हे पहा. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि पुरेशा कारणाशिवाय त्या घेतल्या नाहीत तर सरपंचाचे पदही जाऊ शकते, म्हणून सभा कागदावर तरी होतातच. कागदावरची सभा आणि पारावरची सभा यांतला फरक मोजणे हाच तुमचा विषय होऊ शकतो.

माझ्यासारख्याला दोन-दोन, तीन-तीन गावे सांभाळावी लागतात आणि इतिवृत्त घाईत लिहावे लागते, हेही त्यात यावे. 'चर्चा झाली' हे वाक्य बहुतेक वेळा कोणाला गप्प करण्यासाठी लिहिलेले नसते, पण परिणाम तोच होतो, हे मला मान्य आहे. तुमच्यासारख्या शिकलेल्या मुलीने सभेच्या दिवशी बाजूला बसून बोललेले जसेच्या तसे टिपून दिले तर मी ते आनंदाने इतिवृत्ताला आधार म्हणून घेईन.

बालाघाट :

मी राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झालो आणि स्पर्धा परीक्षेतूनच शासकीय सेवेत आलो, म्हणून दोन्ही बाजू थोड्या ठाऊक आहेत. या धाग्यात 'विषय की परीक्षा' असा जो पेच मांडला गेला आहे तो आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. मराठी आणि इंग्रजी हे दोन पेपर केवळ पात्रतेचे आहेत. गुणवत्तेसाठी निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, असे प्रत्येकी २५० गुणांचे सात पेपर, म्हणजे १७५० गुण, आणि मुलाखत २७५ गुणांची. वैकल्पिक विषयांच्या यादीत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध आहे. म्हणजे वैकल्पिकचे ५०० आणि सामान्य अध्ययनातील राज्यव्यवस्था, शासन व आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरचे २५० मिळून ७५० गुणांचा अभ्यास तुमच्या वर्गात होऊ शकतो. पर्यायांवर गोल करण्याच्या परीक्षेत जे चालत होते ते आता चालणार नाही. हॉब्ज आणि लॉक यांच्या सामाजिक करारातला फरक स्वतःच्या शब्दांत दोन पानांत लिहिता आला पाहिजे, आणि ते गाईडने होत नाही.

त्यामुळे माझा सल्ला असा आहे की एम. ए. करताना नेट आणि राज्यसेवेचे वैकल्पिक यांचा अभ्यास एकाच टिपणवहीत करावा. पाश्चात्त्य विचारवंत, भारतीय विचारवंत, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, लोकप्रशासन हे घटक दोन्हीकडे आहेत. नेटला तपशील लागतो, मुख्य परीक्षेला मांडणी लागते, म्हणून प्रत्येक घटकाच्या शेवटी एक उत्तर लिहून शिक्षकांकडून तपासून घ्यावे.

पुण्याला जाण्याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. पदवी पूर्ण झाल्याबरोबर सदाशिव पेठेत खोली घेऊन, मेसचा डबा लावून बसण्याची घाई करू नका. घरातून दरमहा जाणारा पैसा आणि सोबत्यांचे निकाल यांचा ताण तिथे अभ्यासापेक्षा मोठा होतो. मी तिथे असताना राज्यशास्त्राची चांगली जाण असलेले मराठवाड्यातले विद्यार्थी केवळ त्या ताणामुळे विषय टाकून चालू घडामोडींच्या मासिकांत अडकलेले पाहिले आहेत. किती वर्षे द्यायची हे वडिलांसमोर बसून आधी ठरवा आणि ते एकदा ठरले की पाळा.

तारनाका :

मी मूळचा नांदेड जिल्ह्यातला आणि सध्या हैदराबादेत संशोधन करतो. जुना_फळा मॅडमनी सामग्रीबद्दल जे लिहिले त्याला पुढे जोडतो. १९४८ पूर्वीच्या मराठवाड्याचे सरकारी कागद मोठ्या प्रमाणावर हैदराबादेत, तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहेत, आणि काही आपल्या पुराभिलेख संचालनालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील कार्यालयात आहेत. अडचण भाषेची आहे. निजामाच्या काळातील दफ्तर उर्दूत आहे, गावपातळीवरचे पुष्कळसे मोडीत आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यातील तहसील कार्यालयांतले जुने अभिलेख तपासले जाऊ लागले तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती गरज आहे हे सगळ्यांनी पाहिले. माझा अनुभव असा की अलिफ-बे पासून सुरुवात करून रोज थोडे वाचत राहिल्यास छापील उर्दू वर्षभरात वाचता येते. हस्तलिखिताला, विशेषतः शिकस्ता या घाईच्या, मोडक्या वळणाला, त्याहून अधिक काळ लागतो. राज्यशास्त्राचा विद्यार्थी मोडी किंवा उर्दू वाचू शकतो म्हटल्यावर त्याचे स्थान वेगळे होते, कारण आज या विषयातले बहुतेक संशोधक इंग्रजी कागदांवरच थांबतात.

केंद्रीय विद्यापीठांत एम. ए. साठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा असते. हैदराबाद विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ यांचे प्रवेश तिच्यातून होतात आणि शुल्क खासगी संस्थांच्या मानाने पुष्कळ कमी असते. ज्यांना घरापासून फार दूर जायचे नाही त्यांनी तुळजापूरचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्रही पाहावे. तिथे ग्रामीण विकास शिकवला जातो आणि तुमच्या ग्रामसभेच्या कामाशी ते जवळचे आहे.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर एकच उपाय सांगतो, जो मला उपयोगी पडला. संविधान सभेतील चर्चा इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत. ज्या अनुच्छेदाचा मराठी पाठ तुम्हाला येतो त्याच्यावरची इंग्रजी चर्चा वाचायची. अर्थ आधीच माहीत असल्याने भाषा अंगावर येत नाही, आणि त्या सदस्यांचे इंग्रजी इतके नेटके आहे की तेच हळूहळू आपल्या लिहिण्यात उतरते.

पूर्णाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. कयाधू दादा, महिला सभेचे इतिवृत्त मी मागितले तर गावात वेगळा अर्थ काढला जाईल अशी शंका आहे, कारण सरपंच ताई आमच्या भावकीतल्या आहेत. हे कसे हाताळावे? मॅडम, विषय म्हणून अनुशेष घ्यावा की ग्रामसभा, याबद्दलही तुमचे मत हवे आहे. दोन्हीकडे ओढ आहे. घरी मी काल जेआरएफच्या रकमेचे आणि राज्यसेवेच्या नव्या पद्धतीचे सांगितले. वडिलांनी नकार दिला नाही, फक्त 'एम. ए. नांदेडलाच कर, हैदराबाद नको' एवढे म्हणाले.

गोदातीर :

वकील या नात्याने दोन वाटा सुचवतो, ज्यांचा उल्लेख अजून झालेला नाही. तीन वर्षांची एलएल. बी. कोणत्याही पदवीनंतर सीईटी देऊन करता येते, आणि ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, निवडणूक अपात्रता या प्रकरणांत राज्यशास्त्राची बैठक असलेले वकील आमच्याकडे फार थोडे आहेत. दुसरी वाट लॅम्प फेलोशिपची. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २५ वर्षांपर्यंतच्या पदवीधरांची निवड करून त्यांना एकेका खासदाराबरोबर संसदीय कामासाठी जोडून देते. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत दिल्लीत राहून प्रश्न तयार करणे, विधेयकांवर टिपणे लिहिणे, असे काम असते आणि त्याचे विद्यावेतन मिळते. मराठवाड्यातून अर्ज करणाऱ्यांना इंग्रजी लेखनाची तयारी करावी लागेल, पण मतदारसंघ आतून माहीत असणे ही आपली जमेची बाजू आहे.

जुना_फळा :

पूर्णाकाठ, दोन्हीपैकी एकच निवडायचे तर ग्रामसभा घ्या. अनुशेषासाठी अर्थसंकल्पाची कागदपत्रे आणि संख्याशास्त्र यांची तयारी लागते, ती एम. ए. च्या दोन वर्षांत होईल आणि पीएच. डी. ला तो विषय तुमची वाट पाहत असेलच. ग्रामसभेचा विषय आज तुमच्या हातात आहे, शिवाय काळही असा आहे की तो आताच टिपला पाहिजे. २०२२ च्या सुमारास मुदती संपल्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या बराच काळ प्रशासकांकडे होत्या. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद कायदा आला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात त्रिस्तरीय व्यवस्था उभी राहिली. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनात्मक स्थान दिले. वरच्या दोन स्तरांवर लोकप्रतिनिधीच नसताना ग्रामसभेतून गेलेल्या मागण्यांचे काय झाले, त्या कोणाच्या टेबलावर पोहोचल्या, हे एका तालुक्यापुरते जरी शोधले तरी मोलाचे काम होईल.

नांदेडला एम. ए. करण्यात काही कमीपणा नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तुमच्या घरापासून जवळ आहे आणि तुमचा विषय तर तुमच्या गावातच आहे. अभिलेखागारासाठी हैदराबादला नंतर जाता येते, नांदेडहून रेल्वे आहे. वडिलांना आज एवढ्यावर राजी राहू द्या.

कयाधू :

ताई, भावकीचा प्रश्न मोठा करू नका आणि एकट्या महिला सभेचे इतिवृत्त मागू नका. मागील दोन आर्थिक वर्षांतील सर्व ग्रामसभांची आणि महिला सभांची इतिवृत्ते, विषयपत्रिका आणि हजेरीची पाने, असा एकत्रित अर्ज महाविद्यालयाच्या पत्रासह ग्रामपंचायतीकडे द्या. सोबत शेजारच्या दोन गावांनाही तसाच अर्ज द्या, म्हणजे रोख एका घरावर आहे असे कोणाला वाटणार नाही. पत्रावर काही झाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला १० रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रती घेण्याआधी अभिलेख पाहण्याची मागणी करा, कारण मूळ रजिस्टर समोर ठेवून पाने चाळली की कोणती ओळ नंतर घातलेली आहे हे शाईवरून आणि अक्षरावरून ध्यानात येते. झेरॉक्समध्ये ते दिसत नाही. सरपंच ताईंना मात्र अर्ज देण्याच्या आधी घरी जाऊन स्वतः सांगा. पाण्याचे जे त्या बोलल्या ते तुम्हाला लिहून घ्यायचे आहे एवढे सांगितले, तर त्या नाही म्हणतील असे मला वाटत नाही.

पूर्णाकाठ :

अर्जाचा मसुदा तयार करते आहे. तीन गावे ठरवली आहेत : आमचे, नदीपलीकडचे, आणि ज्या गावची सरपंच यावेळी पहिल्यांदाच निवडून आलेली आहे ते. सरपंच ताईंकडे रविवारी जाणार आहे. विषयपत्रिका, ठराव आणि प्रत्यक्ष बोललेले, असे तीन रकाने करून एक तक्ता आखला आहे. तो इथे टाकते, त्यात काय राहून गेले आहे ते कृपया पाहून सांगावे.